माशी मी बांधली, नाव दिराचं

इटियाडोह धरणावरून आत्ताच घरी आले. डोकं अजून तापलेलंच आहे.

गळावर कोंबड्याचं पीस आणि काळा दोरा गुंडाळून मी मासेमारीसाठी नकली माश्या बांधते. आज त्यातल्याच एकीवर माझ्या दिराला मोठी मरळ लागली. लोक जमले, तर हा सांगतो, "माशी मीच बांधली!"

मी गळ, पीस, दोरा त्याच्या हातात ठेवला. "भाऊजी, आता एक बांधून दाखवा."

पहिल्याच ओढीत पीस गळून पडलं. लोक हसले.

नवरा मात्र माझ्यावरच चिडला. "काऊन एवढा तमाशा करून राहिली? घरचाच तं आहे."

वापरायला दिलेला माझ्या माश्यांचा डबा मी दिराकडून तिथंच काढून घेतला. घरच्याच माणसानं तुमचं काम स्वतःच्या नावावर खपवलं, तर तुम्ही गप्प बसता का?