एन्फेर्मेरा

लढाईचे दिवस होते. नगरला नर्सचं काम शिकून मी तिसगावच्या पुढे मिशनच्या दवाखान्यात लागले. दवाखाना चालवणाऱ्या सिस्टर स्पेनच्या. मराठी त्यांना कामापुरतं येई. दुपारी पट्ट्या गुंडाळताना त्यांना आपली भाषा बोलावीशी वाटे, म्हणून त्यांनी मला पहिला शब्द शिकवला, एन्फेर्मेरा. म्हणजे नर्स. मी एकदा एन्फेर्मेरो म्हणाले तर त्या खूप हसल्या. तो पुरुष झाला म्हणे. आणि आपलं काम सांगताना त्याच्याआधी ‘एक’ लावायचं नाही. ‘सोय एन्फेर्मेरा’, मी नर्स आहे, बस्स. चांगली, वाईट असं काही जोडलं तरच ‘एक’ लागतं. मी चुलीपुढे बसून ते घोकत असे.

त्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. पडवीत माणसं ओळीनं झोपवली. पाचव्या दिवशी सिस्टरही आडव्या झाल्या. त्यांच्या शेजारच्या खाटेवर एक तरणी बाई होती. तिला सकाळीच सिस्टरनी सलाईन लावलं होतं. तिचा नवरा पोरांना बघायला घरी गेला होता.

दुपारी सिस्टरचा आवाज पार बसला. नुसते ओठ हलत. हात जरा उचलून त्या काहीतरी म्हणाल्या. मला ‘एन्फेर्मेरा’ ऐकू आलं. मी जवळ बसले, म्हटलं, “सिस्टर, मी इथंच आहे.” त्यांनी मान हलवली, पुन्हा तेच म्हणाल्या. मला वाटलं, घाबरल्यात. मी त्यांचा हात धरून चमच्यानं पाणी पाजत राहिले.

उठले तेव्हा शेजारच्या बाईची सुई निसटलेली दिसली. सगळं पाणी गोधडीत मुरलं होतं. नाडी लागत नव्हती. मी पुन्हा शीर शोधू लागले, पण ती सापडेपर्यंत बाई गेली होती.

सिस्टर वाचल्या. बोलता येऊ लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा तिचंच विचारलं. मी सांगितलं.

“मी तुला बोलावत नव्हते,” त्या म्हणाल्या. “एन्फेर्मा म्हणत होते. एन्फेर्मा म्हणजे आजारी बाई. तिच्याकडे बघ, म्हणत होते.”

मग म्हणाल्या, चूक त्यांचीच, त्या वेळी मराठी शब्द आठवला नाही. मला ते पटलं नाही. हात कुठं दाखवतोय ते बघायला भाषा लागत नव्हती. त्यानंतर त्यांनी मला एकही शब्द शिकवला नाही, आणि मीही विचारला नाही.

महिन्याभरानं त्या बाईचा नवरा हाताला विळा लागला म्हणून आला. जखम धुऊन पट्टी मीच बांधली. गाठ मारत असताना त्यानं विचारलं, “तुमी हुता ना तवा तिच्यापाशी?”

मी ‘व्हय’ म्हणाले. त्याला तेवढंच पुरलं. पट्टी भिजवू नका, एवढं सांगून मी दुसऱ्या रोग्याकडे गेले.