वर्गातलं उदाहरण

"उभी राहा. आई-वडील नात्यातले का गं तुझे?"

लातूरचा कोचिंग क्लास. भरलेला हॉल, आनुवंशिकतेचा धडा, सरांच्या हातात माईक. मी उभी राहिले. म्हणाले, "हाव सर. सख्खे मामा-भाची."

"बघा. उदाहरण आपल्या वर्गातच आहे."

पोरं हसली. मी बाकाची कड घट्ट धरली, तर तळहाताचं कातडं निघालं. माझं जन्मापासून असंच. चपलेचा पट्टा घासला तरी फोड येतो, फुटतो, सोलवटून निघतं. सर बोलले ते खरं होतं, हेच जास्त लागलं. आई-बाप दोघांत एकेक खोट लपलेली असते. दोन्ही एकाच लेकराच्या वाट्याला आल्या की असं होतं. एवढं सांगून सर पुढच्या पानावर गेले. मला बस म्हणायचं विसरले. तास संपेपर्यंत मी उभी.

आमच्या गावात, उदगीरकडं, वेगळंच सांगतात. मायनं ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून पोर अशी झाली. मी जन्मले तेव्हापासून मायनं मान खाली घातली ती घातलीच. माझे वडील, अण्णा, तिच्या बाजूनं एक शब्द बोलले नाहीत.

सुट्टीत घरी गेले तर सोयरीक ठरत होती. थोरली बहीण माझ्या मामाला, म्हणजे मायच्या भावाला द्यायची. थोरलीला कुणी विचारलंच नव्हतं. मी धडा सांगितला. अण्णांना म्हटलं, आधी तुम्ही, माय न् मी, तिघं रक्त तपासून घेऊ.

अण्णा म्हणाले, "माझ्या रक्तात खोट न्हाई. तुझ्या मायच्यात हाय."

माय भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. मला रडू आलं. काय करणार होते मी? अण्णांचा दंड धरून सुई थोडीच टोचणार?

परतताना एसटीत डोक्यात आलं. त्यांचं रक्त लागतंच कशाला? ते माझ्यात आहेच.

एकटीच दवाखान्यात गेले. नर्सला म्हटलं, चिकटपट्टी लावू नका, कातडं तिच्याबरोबर येतं. कापूस दाबून बसले. पुढं डॉक्टरांनीच सांगितलं, माझ्यात दोन्हीकडची खोट आहे. एक मायकडून, एक अण्णांकडून. थोरलीचं कातडं चांगलं असलं, तरी तिच्यात एक लपलेली असू शकते. मामातही.

अजून घरी बोलले नाही. साखरपुड्याला सगळे सोयरे जमतील. सरांनी मला उभं केलं होतं. तिथं मी आपली आपण उभी राहणार. अण्णांसमोर, मायसमोर, सगळ्यांदेखत सांगणार.

खाली बस म्हणतील. बसणार नाही.