बिनखांबाची चावडी

ती बोलायची ते प्रश्नांतच. "व्हय वो सायेब, ह्यो स्लॅब पडायचा न्हाई ना? मग चढू का वर?" उत्तराला थांबायची नाही. डोक्यावर घमेलं घेऊन शिडी निम्मी चढलेली असायची. एकाहत्तर साली खर्ड्याजवळच्या एका गावात नवी चावडी बांधत होतो, मी ओव्हरशियर, ती गावातलीच मजूर पोर, तेव्हा रोज हे ऐकायचो. सुट्टी झाली की ती भिंत थोपटायची, म्हशीची पाठ थोपटावी तशी.

जुन्या चावडीला सागवानी खांब होते आणि कुठल्या खांबाला कोण टेकणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. बौद्धवाड्यातली माणसं पायरीखाली उभी राहायची. तिचा बाप तिथंच उभा राहून म्हातारा झाला होता.

नवी चावडी सिमेंटची, मध्ये एकही खांब नाही. पहिल्या बैठकीला मानकरी आत आले आणि चक्क घोटाळले. टेकायचं कशाला? बसायचं कुठं? सगळे दाराशीच ताटकळत, एकमेकांची तोंडं बघत उभे!

तेवढ्यात ती शिरली. बापाचा हात धरून, सगळ्यांमधून वाट काढत. बरोब्बर मधोमध गेली, फतकल मारून बसली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच काही न विचारता, अख्ख्या चावडीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"बसा आबा. टेकायला खांब न्हाई. आता कुनालाच न्हाई!"