खांबापाशी तोडलेल्या सळया

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, देवाला तर मुळीच न्हाई — त्याच्यापुढं मी गपचूप हात जोडतो अन् निघतो. तुमाला काहून सांगून राहिलो? कोण जाणे. आता पोटात ठेववत न्हाई, एवढंच.

वसमतला हळदीचं एक गोदाम होतं, वर दोन मजले. बांधकाम माझ्या देखरेखीखाली झालं — मी डिप्लोमावाला, साइटवरचा साहेब. मिस्त्री माझे दाजी, ताईचा नवरा. सरळ माणूस, मी म्हणंल ते बराबर करायचे.

मालकाला पाडव्याला गोदाम सुरू करायचं होतं, अन् माझ्यामागं त्याचा तगादा. बीमच्या खालच्या सळया खांबातून आरपार पलीकडच्या बीममध्ये न्यायच्या असतात. म्हणजे उद्या एखादा खांब गेलाच, तरी बाकीचे भार धरून ठेवतात. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण खांबातल्या सळयांच्या गर्दीतून त्या ओवायला वेळ लागून राहिला होता.

"दाजी, खांबापाशीच तोडा," मी म्हणलं. "खांब काय पळून चालला?"

"तू शिकलेला," ते म्हणले. "तू म्हणतो तर तोडतो."

पुढं काही वर्षांनी, ऐन हळदीच्या हंगामात, ट्रॅक्टर मागं घेताना ट्रॉली कोपऱ्यातल्या खांबाला बसली. गेला तो एकच खांब — पण त्याच्यामागं बीम सुटले, मग शेजारचा खांब, मग सगळंच. दोन हमाल खाली दबून मेले. जवळच्या तांड्यावरचे, लेकराबाळांचे.

चौकशीत मी काय बोललो? — सांगतोच आता. मी बोललो, मिस्त्रीनं मला न विचारता सळया तोडल्या. दाजी समोरच उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, अन् मान खाली घातली. बायकोचा भाऊ जेलात जाईल म्हणून गप राहिले असतील? मी कधी विचारलं न्हाई. माझी हिंमतच झाली न्हाई. भेकड होतो मी, अन् नीचही.

दाजी जेल भोगून आले. पुन्हा कोणी त्यांना कामावर घेतलं न्हाई. घरात ताई उठता-बसता बोलायची, दोघांचा जीव घेतला तुमी म्हणून. ते ऐकून घ्यायचे. ऐकता ऐकताच खंगून गेले.

त्यांच्या तेराव्याला, भरल्या पंगतीत, ताई म्हणली, "यांनी तर नाव घालवलं. माझा भाऊ होता म्हणून लेकरं शिकली." सगळे माझ्याकडं कौतुकानं पाहून राहिले होते. मी वाढप्यापुढं ताट केलं, अन् आणखी भात घेतला.