तारेत काय होतं

“घोवाक जितो जाळल्यान हिना, आता कोणासाठी रडता?”

कोकणातल्या वालावलला मामांच्या घराच्या मागच्या पडवीत मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, तेव्हा हे माझ्या कानावर पडलं. बोलणारी शेजारीण आवाजही खाली आणत नव्हती. पुढे अंगणातल्या खळ्यात गजामामांना शेवटची आंघोळ घालत होते आणि त्यांची बायको, इंदूमामी, जिने म्हणे नवऱ्याला जिवंत जाळलं, ती खांबाला टेकून तोंडात पदर कोंबून रडत होती. गजामामा माझ्या आईचे चुलतभाऊ, फौजेतले हवालदार. तीन दिवसांच्या तापात गेले. शेजारणीला द्यायचं उत्तर माझ्याकडे होतं, गेली पाच-सहा वर्षं होतं. मी तांब्या नेऊन दिला आणि परत माझ्या जागी येऊन उभी राहिले.

चीनच्या लढाईचा तो हिवाळा. मी सोळा वर्षांची, बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी, नाताळच्या सुट्टीत वालावलला आले होते. दुपारी पोस्टमन खळ्यात येऊन उभा राहिला. आमच्या भागात पत्रं पुष्कळ येतात, पण तार एकाच कामासाठी येते... मुंबईला किंवा बोटीवर गेलेला माणूस मेला की. त्यामुळे तारेचा मजकूर विचारायची कुणाला गरजच वाटत नाही. मामीने पोस्टमनच्या हातातला कागद पाहिला, ती पायरीच्या चिऱ्यावर बसली आणि तिने दोन्ही मनगटं दगडावर आपटली. बांगड्या फुटल्या, हात रक्ताने भरला. मामांच्या आईने कागद माझ्या हातात कोंबला. “वाच गो बाय, तुका इंग्लिश येता,” असं म्हणत त्या स्वतःच ऊर बडवायला लागल्या. मी वाचलं. हवालदार सापडत नाहीत, शोध चालू आहे, पुढचं कळवू, एवढंच त्यात होतं. “मामी, यात...” मी म्हणाले. माझा आवाज वर्गातसुद्धा दुसऱ्या बाकापलीकडे जात नसे. कुणीतरी माझा दंड धरून मला मागे ओढलं, “चेडवा, बाजूक हो.” मी बाजूला झाले. रात्री सांगू म्हटलं, मग सकाळी सांगू म्हटलं. सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं आणि मामीच्या कपाळावर काही नव्हतं. आता सांगितलं तर कालच का नाही सांगितलंस, असं विचारतील, ही भीती मला मामांच्या जिवापेक्षा मोठी वाटली. शरीर नव्हतं, म्हणून भटजींनी दर्भाचा माणूस करायला लावला. तो खाडीकाठी जाळला. त्याच्या छातीवर ती तार ठेवली होती. मी पाहत होते.

मे महिन्यात मामा आले. चिन्यांच्या कैदेतून सुटून, रस्त्यापासून टाचांवर चालत. दोन्ही पायांची बोटं बर्फाने नेली होती. त्यांच्या आईने किंचाळून दार लावून घेतलं, दोन तास उघडलं नाही. मग भटजी आले. ज्याचे दिवस झाले तो माणूस परत आला, तर त्याचा पुन्हा जन्म करायचा, बारसं करायचं, स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं, अशी रीत त्यांनी सांगितली. मामा जोत्यावर पाय पसरून बसले होते. “चिन्यांनी माका जितो सोडल्यानी,” ते म्हणाले, “आणि तुमी माका जितो मानूक तयार नाय!” त्यांनी बारसं करून घेतलं नाही, लग्नही नाही. त्यांचा ताठा राहिला आणि त्याची किंमत मामीने भरली. सासूने तिला कुंकू लावू दिलं नाही. नवरा समोर जेवत असताना ती पाच वर्षं विधवा होती.

प्रजासत्ताक दिनाला गावची शाळा मामांना बोलवायची. हेडमास्तर ‘वीर जवान’ म्हणायचे, मुलं टाळ्या वाजवायची, मामा टाचांवर तोल सांभाळत झेंड्यासमोर उभे राहायचे. तीच मंडळी देवळातल्या जेवणाला त्यांच्या पंगतीत बसत नसत. “माका पितरांच्या पंगतीक बसवा,” मामा हसून म्हणत, “कावळ्यांका तरी माझी वळख आसा.” भातलावणीला ते घरीच राहत. चिखलातल्या बांधावर पाय रोवायला बोटं लागतात. मामी एकटी गुडघाभर पाण्यात वाकलेली, आणि बांधावरून सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “तिनाच पयल्यान बांगड्यो फोडल्यान. घाई झाल्ली तिका.” सगळा गाव तेच बोलायला लागला. शेवटी मामाही. एकदा पेजेचं ताट समोर येताच ते म्हणाले, “पाच म्हयने वाट बगूक जमला नाय तुका?” मामीने ताटात मीठ वाढलं आणि ती आत गेली. मी सुट्टीत आलेली, तिथेच बसले होते. मामा माझ्याकडे वळले. “तार तू वाचलंस मा गो? काय होता त्यात?”

“आठवत नाही,” मी म्हणाले.

“खरा आसा. तू तेवा ल्हान होतंस,” ते म्हणाले, आणि पेज ओरपायला लागले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मी त्यांना तसंच जाऊ दिलं.

गेल्या शनिवारी शाळेत शोकसभा झाली. फोटोला हार, फळ्यावर खडूने काढलेला तिरंगा. मामी बाहेर पायरीवर बसली होती, तिला आत बोलवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. सरपंच देशासाठी झिजलेल्या पायांबद्दल बोलले, मग थांबून म्हणाले, “घरच्यांनी थोडा धीर धरला असता, तर त्यांचे शेवटचे दिवस सुखाचे गेले असते...” माना दाराकडे वळल्या. मामीने पदर पुढे ओढला. मी आता बेळगावला मास्तरीण आहे, म्हणून हेडमास्तरांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले. माझं पहिलं वाक्य पहिल्या बाकापर्यंतच गेलं. “जोरान बोल गो, आयकूक येना नाय,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि काहीजण हसले.

“ती तार मी वाचली होती,” मी म्हणाले. “मामा मेले असं त्यात कुठेही नव्हतं. सापडत नाहीत, शोध चालू आहे, एवढंच होतं. मामींना ते कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही.”