फ्लॉपीचं वाण

लक्षवातींचा संकल्प सोडला की पहिल्या दिवशी वाटतं, हे आपल्याच्यानं या जन्मी पुरं होत नाही. पण चार बायका कापूस घेऊन बसल्या, बोलता बोलता हात चालत राहिला, की उठताना ताटात केवढा ढीग झालेला असतो! आमच्या कॉम्प्युटरच्या किस्स्यांचं तसंच झालं. कुणी ते जमवायला बसलं नव्हतं. आम्ही आपल्या वातीच वळत होतो.

आम्ही म्हणजे जळगावच्या आमच्या कॉलनीतलं भजनी मंडळ. गुरुवारी दुपारी माझ्या घरी जमायचं, भजन म्हणायचं, मग चहा. नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आमचे हे नोकरीला धुळ्याला, शनिवारी घरी यायचे. एका शनिवारी ते एसटीतून एक खोकं मांडीवर घेऊन आले. ऑफिसने जुना म्हणून मोडीत काढलेला कॉम्प्युटर. बरोबर त्यांच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी दिलेल्या दोन-चार फ्लॉप्या. मी विचारलं, हे काय करायचं? हे म्हणाले, "तुझी एवढी व्रतं झाली, आता याचं कर."

मी खरंच केलं.

*

पण त्यात आधी सुनंदा आली. सुनंदा आमच्या मंडळातल्या अक्कांची सून. अक्का मूळच्या धुळ्याकडच्या, बोलणं पक्कं अहिराणी, आवाज असा की टाळ नसले तरी चालायचे. त्यांचा मुलगा गेल्यानंतर सुनंदा आणि तिची दुसरीतली मुलगी त्यांच्याजवळच राहत होत्या. सुनंदाचं माहेर असोद्याचं. भावाचा निरोपावर निरोप येत होता की बहिणीला इकडे पाठवा. सुनंदाला जायचं नव्हतं. मुलीची शाळा इथली, आणि भावाच्या घरात आपण कायमची पाहुणी होणार हे तिला दिसत होतं. अक्कांनी शेवटी संक्रांतीची मुदत घालून आपल्यापुरता निकाल लावला, "संक्रांतलगून वाट दखसूत. नोकरी लागनी ते ठीक. नही ते मंग असोदाले."

म्हणून मी तिला घेऊन स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासला गेले. क्लासवाले सर टायबिय घालून बसलेले. फीचा आकडा ऐकून आम्ही दोघी नुसत्या एकमेकींकडे पाहत राहिलो. मी म्हटलं, घरी एक जुना कॉम्प्युटर आहे, फुकटचे प्रोग्राम आहेत, त्यावर शिकली तर? सर हसले. म्हणाले, "काकू, फुकटातलं फुकटाच्याच लायकीचं असतं. त्यावर शिकून कुणाला नोकरी लागल्याचं मी तरी ऐकलं नाही."

मला सहसा कुणाला उलटून बोलता येत नाही. पण त्या दिवशी तोंडातून निघालंच.

"सर, आमच्या अंगणातली तुळस मी विकत आणलेली नाही. शेजारणीने रोप दिलं. आजवर तिला पाणी घातल्याशिवाय जेवले नाही मी."

सुनंदा माझ्या मागे बाहेर आली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "काकू, मग सुरुवात कधी करायची?"

मी पंचांग पाहिलं. दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता.

*

कुठलंही व्रत सुरू करायचं तर आधी त्याची कहाणी वाचायची, हा आमचा शिरस्ता. कोणी सांगितलं, काय नेम, उद्यापन कसं, हे कळल्याशिवाय हात लावायचा नाही. पहिल्या फ्लॉपीतही सुरुवातीला एक वाचायचं पान होतं. यांचे प्राध्यापक म्हणाले होते, ते कुणी वाचत नसतं, सरळ पुढे जा. आम्ही नाही गेलो. मी सगळ्यांच्या हातात अक्षता दिल्या आणि सुनंदाने डिक्शनरी मांडीवर घेऊन ते पान मराठीत सांगितलं.

प्रोग्राम लिहिण्याचा होता. पत्र लिहा, अर्ज लिहा, पुसा, पुन्हा लिहा. तो करणाऱ्याने म्हटलं होतं: हा कोणालाही द्या. पूर्ण द्या, त्यातलं काही काढून घेऊ नका. देताना पैसे घेऊ नका. आणि तुम्हाला आवडला तर मला तुमच्या गावाचं एक पोस्टकार्ड पाठवा.

मग अक्कांनी विचारलं, "हाई बठ्ठं फुकट शे? मंग त्या मानूसनं पोट कसं भरस?"

आम्ही अक्षता कॉम्प्युटरवर वाहिल्या. एक दाणा फटीतून आत गेला, तो अजून आतच आहे.

*

पोस्टकार्ड मात्र पाठवायचंच असं ठरलं. घेतला वसा टाकायचा नाही. आता आपल्या गावाचं चित्र असलेलं पोस्टकार्ड जळगावात शोधायचं म्हणजे! दुकानांतून देवांची चित्रं मिळाली, नटनट्यांची मिळाली. यांनी धुळ्यात चौकशी केली. तिथला दुकानदार म्हणाला, साहेब, मुंबईचं देऊ का?

शेवटी आम्ही साधंच कार्ड घेतलं. सुनंदाने त्यावर केळीचं झाड काढलं, मी चार ओळींत आशीर्वाद लिहिला, अक्कांनी कोपऱ्यात हळद-कुंकवाची बोटं उमटवली. पोस्टातल्या बाबूंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि परदेशाला जाण्याएवढी तिकिटं चिकटवून दिली. गावात तेव्हा इंटरनेटचं पहिलं दुकान निघालं होतं. तिथे सुनंदाने फुकटात मिळणारा एक ईमेलचा पत्ता मंडळाच्या नावाने काढला होता, तोही खाली लिहिला.

बऱ्याच आठवड्यांनी उत्तर आलं. त्याने फार आभार मानले होते. झाडाचं नाव विचारलं होतं. आणि शेवटी काळजीने लिहिलं होतं, कार्डावर लाल डाग आहे, पाठवताना कुणाला लागलं तर नाही ना?

अक्का म्हणाल्या, "गुनी मानूस शे. जीव लावस."

पोटाचा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.

*

दुसऱ्या फ्लॉपीतला हिशेब मांडायचा प्रोग्राम वेगळ्या जातीचा. तो एक महिना वापरून पाहायला दिलेला, पुढे ठेवायचा तर पैसे भरायचे. उघडला की रोज पहिल्यांदा पाटी यायची: अजून नोंदणी केली नाहीत, कधी करता?

पुष्पाताई आमच्या मंडळाच्या खजिनदार, त्यांना ते फार लागायचं. म्हणायच्या, हा रोज दारातच अडवतो. सुनंदा टाइप करता करता हळूच म्हणाली, "सासूपेक्षा बरं, पुष्पाताई. एंटर दाबलं की गप्प बसतं."

आणि मग तिच्या लक्षात आलं, मागे अक्का बसल्या आहेत. अक्कांनी वात पुरी वळली, ताटात ठेवली, आणि पुढे वाकून म्हणाल्या,

"मालेबी दखाड ते बटन. आबासाठे पाहिजे."

आबा म्हणजे त्यांचे यजमान.

महिना संपला तरी तो प्रोग्राम चालूच राहिला. नुसती पाटी यायची. क्लासवाले सर बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, वापरा हो, कोण विचारतं, सगळं गाव वापरतं! पण मला ते पटेना. परक्या माणसाने विश्वासाने महिनाभर दिलेली वस्तू. घरी येऊन मी सुनंदाला तो काढून टाकायला सांगितलं. पुष्पाताई पुन्हा वहीवर आल्या. मी सरांना पुढच्या भेटीत तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "काकू, तुम्हाला फुकटही पाहिजे आणि सोवळंही पाहिजे?"

मी म्हटलं, "हो."

*

चातुर्मासात मी नेम घेतला, रोज एक पान टाइप केल्याशिवाय जेवायचं नाही. बोटं बसावीत म्हणून तिसऱ्या फ्लॉपीत एक शिकवणी होती, तीही वाटून टाकायची परवानगी असलेली. सुनंदा म्हणाली, मीही घेते. दोघींचा नेम चालला. ती बघता बघता पुढे गेली, मी आपली एका बोटाने दळण दळावं तशी.

एका सोमवारी सकाळीच लाइट गेले. दुपार झाली, पत्ता नाही. सुनंदा उपाशी, मी उपाशी. शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, देव समजून घेईल, दोन घास खा. तर सुनंदा उठली, बंद कॉम्प्युटरसमोर बसली आणि काळ्या काचेकडे बघत अख्खं पान टाइप करून मोकळी झाली. बोटांकडे न पाहता, न थांबता.

पुष्पाताई म्हणाल्या, "अगं, पण उमटलं कुठे?"

सुनंदा पदर खोचत म्हणाली, "नेम माझा होता. त्याचा नव्हता."

मग मीही तसंच केलं. माझ्या त्या पानात चुका किती होत्या, हे देवालाच ठाऊक. पण वरणभात गोड लागला.

*

पौष लागला आणि धुळ्याच्या एका ऑफिसातून सुनंदाला परीक्षेचं बोलावणं आलं. कॉम्प्युटरवर पत्र टाइप करून दाखवायचं. पहाटेच्या एसटीने ती आणि मी निघालो. पर्समध्ये तिने ती लिहायच्या प्रोग्रामची फ्लॉपी घेतली होती. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, असू दे, अंगाऱ्याच्या पुडीसारखी.

तिथे शिरपूरच्या, साक्रीच्या मिळून आणखी तिघी आल्या होत्या. ऑफिसातलं टाइप करायचं पॅकेज भारी किमतीचं. ते सुरू व्हायला कॉम्प्युटरच्या पाठीला एक छोटं कुलूप लावावं लागायचं, म्हणजे चोरून वापरायला नको. ते कुलूप ज्या बाबूंच्या ताब्यात, ते बाबू लग्नाला नाशिकला गेलेले. साहेब चिडले, इकडे तिकडे फोन केले. शेवटी म्हणाले, परीक्षा पुढे ढकलू, संक्रांतीनंतर कळवू.

संक्रांतीनंतर! सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. उघडले तेव्हा ती साहेबांच्या टेबलापाशी उभी होती. फ्लॉपी पुढे करून म्हणाली, "साहेब, याला कुलूप नाही. चालेल का?"

साहेबांनी ती हातात फिरवली. पत्र टाइप झाल्याशी मतलब, म्हणाले. सुनंदाने फ्लॉपी घातली, प्रोग्राम उघडला. मग खुर्चीवर बसायच्या ऐवजी बाजूला झाली आणि त्या तिघींना बोलावून दाखवू लागली: हे बघा, इथून सुरू, इथे पुसायचं, इथे जपून ठेवायचं. कुणाचं अडलं तर पुन्हा सांगितलं. स्वतः सगळ्यात शेवटी बसली.

घरी आल्यावर अक्का जाम भडकल्या. आपल्या हाताने दुसरीला शिकवायचं आणि मग आपण देवाला साकडं घालायचं, असं कुठे असतं का? त्या अहिराणीत जे बोलल्या ते लिहिता येण्यासारखं नाही. सुनंदा भाकरी थापत ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "अक्का, त्यात लिहिलंय. द्यायचं तर पूर्ण द्यायचं. त्यातलं काही काढून ठेवायचं नाही."



*

संक्रांत आली. धुळ्याहून काही कळलं नव्हतं. असोद्याचा भाऊ दोन दिवसांनी न्यायला येणार होता.

माझ्या घरी हळदीकुंकू होतं. दरवर्षी वाणाला मी कधी गाळणी, कधी कुंकवाचा करंडा लुटते. यंदा मी फ्लॉप्या लुटायच्या ठरवल्या. लिहायचा प्रोग्राम आणि बोटांची शिकवणी, दोन्ही एकाच फ्लॉपीत. हे म्हणाले, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, तिळगूळ आहेच. कॉपी करणार कोण? सुनंदाच. हळदीकुंकवाला आपण कसं यायचं, म्हणून ती घुटमळत होती. मी सांगितलं, तू हळदीकुंकवाला येऊ नकोस, तू कॉम्प्युटरला ये.

बायका जमल्या. मी हळदकुंकू लावत होते आणि वाणासाठी आतल्या खोलीकडे पाठवत होते. क्लासवाल्या सरांच्या मिसेसही आल्या होत्या. दारात जाऊन मात्र सगळ्याजणी थबकल्या. आत पांढऱ्या साडीत सुनंदा बसलेली, पुढे फ्लॉप्यांची चळत. पुष्पाताई माझ्या कानाशी आल्या. "वहिनी, तुम्ही एवढ्या व्रतवैकल्यं करणाऱ्या. वाण सवाष्णीच्या हातून घ्यायचं असतं, हे मी तुम्हाला सांगायचं?"

मी म्हटलं, "पुष्पाताई, कहाणी तुम्हीही ऐकलीत. हातात अक्षता होत्या तुमच्या. कोणालाही द्या, असंच होतं ना? कोणी द्यायचं, ते कुठे होतं?"

पण त्या पुढे गेल्या नाहीत. दारात गर्दी साचली. सुनंदाची मान खाली. कॉम्प्युटर एकटाच घरघरत होता.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सरका वं." अक्का होत्या. हिरवं लुगडं, ठसठशीत कुंकू, नाकात नथ. वाट काढत आत गेल्या, सुनंदाच्या समोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी पदर पसरला.

"दे माय. मन्हा पदरमा दे."

सुनंदाने वर पाहिलं. तिने फ्लॉपीवर तिळाची वडी ठेवली आणि ती पदरात घातली.

पुष्पाताईंना राहवलं नाही. "अक्का, पण तुमच्या घरी कॉम्प्युटर कुठाय?"

अक्कांनी पदराला गाठ मारली.

"पहिले तुळस येस," त्या म्हणाल्या, "मंग वृंदावन बांधतस."