मटारच्या पिशवीवरची तारीख

ती घटना मला मुद्दाम आठवावी लागत नाही. आमच्या फ्रीजचा वरचा कप्पा उघडला की ती समोर येते. तिथे गोठवलेल्या मटारच्या पिशव्या एकावर एक रचलेल्या आहेत. बायको म्हणते, "जबलपुरात राहून पिशवीतले मटार विकत घेणारे तुम्हीच एक. हिवाळ्यात इथं दारावर ताजे मटार येतात, अन् तुम्ही हे काहून आणून राहिले?" मी पिशवी आत सरकवतो. नोकरीतल्या गोष्टी मी घरात फार रंगवून सांगतो. प्रत्येक वेळी गोष्टीतला मी थोडा उंच होत जातो, असा मुलांचा आरोप आहे. ही गोष्ट मात्र मी त्यांना कधी सांगितली नाही. हिच्यात माझी उंची वाढत नाही.

निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली होती. मी एका ठाण्याचा टी.आय. होतो, मध्य प्रदेशात ठाणे प्रमुखाला तसे म्हणतात. हद्दीत छपाईची यंत्रे बनवणारी एक कंपनी होती. पुस्तके छापणारी यंत्रे नव्हेत. कारखान्यात पट्ट्यावरून खोकी, पाइप, पिशव्या पळत असतात, त्यांच्यावर पळता पळताच तारीख आणि बॅच नंबर छापणारी यंत्रे. यंत्राचे तोंड मालाला टेकत नाही. बारीक छिद्रांतून शाईचे थेंब उडतात आणि आकडे उमटतात.

एका सकाळी गणना, म्हणजे शिपायांची हजेरी, संपते न संपते तोच कंपनीचे मॅनेजर ठाण्यात आले. शाई बनवणारा त्यांचा केमिस्ट नव्या शाईच्या बाटल्या बाहेर नेतो, अशी तक्रार होती. "सर, मशीन तो कोई भी जोड़ लेगा," ते म्हणाले, "हमारा राज़ तो स्याही में है."

मी खबऱ्याला कामाला लावले. हा ऑटो चालवायचा. चौथ्या दिवशी तो खबर घेऊन आला. "साब, हर इतवार, गढा में, एक बुजुर्ग के घर. ये टिफिन में शीशियाँ लाता है. सिहोरा की बस से एक दीदी आती है, झोला भर के पन्नियाँ लाती है. दो-दो घंटे बैठते हैं."

"पन्नियों में क्या रहता है?"

"कुछ नहीं साब. खाली."

रिकाम्या पिशव्या झोळाभर घेऊन कोणी बाई सिहोऱ्याहून बसने कशाला येईल, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. मला वाटले, टोळी चलाख आहे.

गुन्हा नोंदवताना केमिस्टचे नाव वाचले आणि पेन थांबले. माणूस मराठी. गणपतीत आमच्या मंडळात आरतीला माझ्या शेजारी उभा राहणारा आणि माझ्यापेक्षा सुरात गाणारा. जबलपुरात आपली माणसे मोजकी. उद्या ठाण्यात कुजबूज होणार, साहेबांनी आपला माणूस सोडला. त्या क्षणी मी ठरवले, याला तसूभरही सवलत द्यायची नाही. निःपक्षपाती दिसण्याच्या हौसेत मी पक्षपातच केला, फक्त उलट्या दिशेने. हे आता कळते.

रविवारी दुपारी गढ्यात, शहराच्या जुन्या भागात, छापा घातला. घर ज्यांचे, ते काका संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले, तिथल्या रंगखात्यातले. पेट्यांवर, धातूवर खुणा आणि आकडे रंगवण्यात त्यांची हयात गेली होती. तेही मराठी, अमरावतीकडचे. मी नियमाप्रमाणे कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला पंच म्हणून बोलावले. गल्ली दारात गोळा झाली.

काका हळूच म्हणाले, "साहेब, काय पाहायचं ते पाहा. फक्त दार लोटून घ्या. गल्ली पाहून राहिली."

"दरवाज़ा खुला रहेगा. कार्रवाई सबके सामने होगी," मी हिंदीत म्हणालो, शिपायांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

काका दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं रोज गेटवर झडती दिली साहेब. कधी टाचणी निघाली नाही. घरात झडती आजच झाली."

आत कपड्यांच्या दोरीवर प्लास्टिकच्या पट्ट्या चिमट्यांनी लटकवल्या होत्या, प्रत्येकीवर छापलेली तारीख. खाली शाईच्या नऊ बाटल्या, बर्फाचा डबा, एक टेबलफॅन. मी सगळे जप्त केले. पंचनाम्यात 'चोरीचा माल' असे लिहिले आणि किराणावाल्याची सही घेतली. शेवटी एक वही सापडली. ती 'एक वही, किरकोळ' अशी नोंदवून मालखान्यात टाकली.

केमिस्टला तीन दिवस चौकशीला बोलावले. कंपनीने त्याला निलंबित केले होते. आरोपपत्र गेले असते तर नोकरी कायमची गेली असती.

"साहेब, मराठीत सांगू का? नीट सांगता येईल."

"थाने में हिंदी चलेगी. माल किसको बेचा?"

"कोणाला नाही. काकांना दाखवत होतो फक्त."

"बाहर क्या-क्या दिया?"

"साहेब, तुम्ही मघापासून हेच विचारून राहिले, बाहेर काय दिलं, बाहेर काय दिलं. आत काय आणलं ते तर विचारा!"

मी विचारले नाही. तीस वर्षांच्या नोकरीत चौकशीचा तो प्रश्न मला कोणी शिकवला नव्हता, ही माझी सबब. कानांना मराठी समजत होती, हे त्या सबबीतले भोक.

राहिली सिहोऱ्याची दीदी. ती तिथल्या मटार गोठवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर होती. जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. तिने मला खुर्चीसुद्धा दिली नाही, थेट पट्ट्यापाशी नेले. गोठवलेल्या मटारची पिशवी यंत्राखालून आली. थंडीमुळे तिला घाम फुटला होता. पोटावर तारीख छापलेली. दीदीने अंगठा फिरवला आणि तारीख गायब.

"भैया की कंपनी की मशीन है. ऐसे माल कौन लेगा?" ती म्हणाली. "भैया दो बार अपने मैनेजर से बोले कि सिहोरा वालों को बुलाओ, साथ बैठो. वो बोले, बाहर वाले को स्याही नहीं दिखाते. तो हम इतवार को बैठने लगे. सब कॉपी में लिखा है."

"कौन सी कॉपी?"

"आपके पास ही तो है, साहब. पढ़ी नहीं?"

ठाण्यात परतलो. मालखाना उघडून वही काढली आणि टेबलावर वाचत बसलो. तीन हस्ताक्षरे होती. दीदीने हिंदीत लिहिले होते की पिशवीचे तोंड गरम दाबून बंद केले की वरची पट्टी काही क्षण कोमट आणि कोरडी असते. तारीख पोटावर न छापता तिथे छापून बघू. काकांनी लिहिले होते, 'रंगाआधी वारा. आम्ही ओल्या पत्र्यावर असंच करत होतो.' टेबलफॅन त्यासाठी होता. केमिस्टने लवकर वाळणारी शाई केली होती. पण लवकर वाळणारी शाई छिद्रातच वाळायची आणि यंत्राचे तोंड बुजायचे. हे कधी होते, तेही दीदीनेच टिपले होते: चहाच्या सुट्टीनंतर, पट्टा थांबला की. मग पट्टा थांबताच छिद्रे आपोआप धुऊन निघतील अशी सोय केमिस्टने रेखाटली होती. शेवटच्या पानावर छाप्याच्या आदल्या रविवारची नोंद होती. ओल्या अंगठ्याने वीस तारखा घासल्या, अठरा टिकल्या. पुढच्या रविवारी उरलेल्या दोन बघायच्या होत्या. पुढच्या रविवारी मी गेलो.

तीन माणसे दर आठवड्याला भेटतात, मालकाला सांगत नाहीत, वस्तू बाहेर नेतात. आमच्या भाषेत याला कट म्हणतात. एकाला न सुटणारे काम तिघे मिळून सोडवत असतील, ही शक्यता लिहायला आमच्या फॉर्ममध्ये रकाना नाही.

मी वहीच्या प्रतीसह खात्मा अहवाल, म्हणजे गुन्हा घडलाच नाही असा अहवाल, पाठवला आणि मॅनेजरना वगळून थेट कंपनीच्या मालकांना वही दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. केमिस्ट कामावर परतला. सिहोऱ्यात चाचणीचे यंत्र बसले, कंपनीची माणसे तिथे आणि तिथली इथे येऊ लागली. तारीख टिकू लागली. हल्ली ती यंत्रे दूध, बर्फ, मासळीवाल्यांकडेही जातात म्हणे. काकांना सल्लागार म्हणून सन्मानाने बोलावणे गेले. ते गेले नाहीत.

केमिस्ट माझ्याकडे आला. या वेळी त्याने मराठीसाठी परवानगी मागितली नाही. "काका दार उघडत नाहीत साहेब. मलाही नाही. तुम्ही एकदा चला. गल्लीसमोर झडती घेतली, गल्लीसमोर दोन शब्द बोला."

"बघतो," मी म्हणालो. मग पाहिले ते असे: शिपायाकरवी बाटल्या, पंखा आणि वही परत पाठवली आणि पोचपावतीवर काकांची सही मागवली. सही आली. वळणदार, पेट्यांवर आकडे रंगवणाऱ्या हाताची.

निवृत्त होऊन वर्दी उतरल्यावर काकांकडे गेलो. दाराला कुलूप. कोपऱ्यावर तोच किराणावाला.

"दादा? वो चोरी वाले? बेटी के पास नागपुर चले गए."

"उन्होंने कोई चोरी नहीं की थी. केस झूठा निकला."

"अच्छा?" त्याने मला ओळखले असावे. "पर साहब, काग़ज़ पर तो आपने ही लिखा था, चोरी का माल. मेरे दस्तख़त हैं उस पर."

खात्मा अहवालाची प्रत पंचाला पाठवत नाहीत. गल्लीला तर नाहीच. मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून सगळे सांगितले. त्याने फ्रीजरमधून मटारची पिशवी काढून दिली. वरच्या पट्टीवर तारीख होती. मी ओला अंगठा घासला, जोर लावून घासला. ती गेली नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी गढ्याला जातो. एका दुकानात, एका ओट्यावर तीच गोष्ट सांगतो आणि येताना किराणावाल्याकडून एक पिशवी आणतो. मागच्या रविवारी त्याने विचारले, "और दादा कैसे हैं अब?" 'चोरी वाले' त्याने म्हटले नाही.

मी पिशवीचे पैसे दिले आणि निघालो. काकांचा नागपूरचा पत्ता केमिस्टकडे आहे. मी तो अजून मागितलेला नाही.